आम्ही फिरायला लागलो

माझं लग्न झालं तेव्हा हे दंडूतल्या एका मोठ्या शिंपी दुकानात कोट कापायचे. दंडू म्हणजे कँटोन्मेंट. चिकपेटेतली आमची जुनी माणसं त्याला दंडूच म्हणत, आणि दंडूत कामाला जाणाऱ्या माणसाकडे जरा वेगळ्या नजरेने बघत. आमची घरं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि बोलता बोलता दोन्हींची सरमिसळ. शिवणकाम सगळ्यांच्याच घरात होतं, पण कोटाचं कापणं येणारी माणसं थोडी होती. ह्यांच्या हाताला त्यात नाव होतं. लोकरीचं कापड टेबलावर पसरलं की हे आधी त्याच्यावर नुसता तळहात ठेवून उभे राहायचे. मग खडू, मग कातर. मी विचारलं होतं एकदा, हात कशाला ठेवता म्हणून. म्हणाले, "कापड कुठे ओढ खातंय ते कळतं."

पहिली तीन वर्षं बरी गेली. मग दुकानातले म्हातारे मास्तर गावी निघून गेले आणि मालकांनी ह्यांना मास्तर केलं. सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. मलाही वाटलं, चांगलं झालं.

मास्तर म्हणजे नुसतं कापणं नव्हतं. दुकानात आत भिंतीवर एक काळी पाटी होती. कोणाची ट्रायल कधी, कोणाचा कोट कधी द्यायचा ते सगळं तिच्यावर लिहिलेलं. ती पाटी आता ह्यांच्या अंगावर आली. पलटणीतल्या साहेबाची बदली झाली की त्याला परवाच कोट हवा. लग्नाचे दिवस आले की एकाच तारखेला आठ नवरदेव. हाताखालचे कारागीर वयाने ह्यांच्याहून मोठे, त्यांना बोलायचं कसं ते ह्यांना जमेना. आणि गिऱ्हाइकाचं चुकलं तरी मान खाली घालायची ती मास्तरांनी. ह्यांचा स्वभाव मुळात कमी बोलण्याचा. दिवसभर साठलेलं सगळं तसंच घेऊन हे पाच वाजता, उजेड उतरला की, बसला उभे राहायचे.

घरी येताना वाटेत सारायी अंगडी लागायची. दारूच्या दुकानाला आम्ही तेच म्हणायचो. आधी शनिवारी, कारागिरांबरोबर. मग आठवड्यातून तीनदा. मग एकटेच, रोज. साडेपाचला येणारं माणूस आठला यायला लागलं. तोवर ह्यांच्या कपड्यांना खडूचा आणि लोकरीचा वास असायचा. तो गेला.

हात कधी उगारला नाही, आवाजही चढवला नाही. ह्यांची दारू मुकी होती. पायरीवर बसून बुटाची नाडी सोडवायला लागायचे आणि ती सुटायची नाही. मी खाली बसून सोडवायची. मग आत येऊन भिंतीला टेकून बसायचे, चार घास खाल्ले तर खाल्ले. सासूबाई देवाजवळची वात सारखी करत म्हणायच्या, "दमून आलाय." कोणी नातेवाईक आला तर मीही तेच म्हणायची, "फार दमतात हो." दारू हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नाही. तीन वर्षं नाही.

आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. एकदा दुपारी ती आपली चिंध्यांची बाहुली भिंतीशी टेकवून बसवत होती. शेजारच्या मुलीने बाहुली उचलायला हात पुढे केला तर ही म्हणाली, "नको, ती दमलीय. तिला हाक मारायची नाही." मी तांदूळ निवडत होते. सूप तसंच मांडीवर ठेवून बसून राहिले.

पुढे पुढे सकाळी ह्यांचे हात थरथरायला लागले. दाढी करताना गालावर तीन-चार ठिकाणी कापायचं. एकदा माझ्यासमोर सुई धरून म्हणाले, "जरा ओवून दे. उजेड कमी आहे." उजेड चांगला लख्ख होता. मी ओवून दिली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात-आठ सुया ओवून, कापडाच्या तुकड्याला टोचून, मी ह्यांच्या डब्याच्या पिशवीत ठेवायला लागले. त्याबद्दलही आम्ही कधी काही बोललो नाही.

मग ते कापडाचं झालं. शाळेतले एक मास्तर लग्नाचा कोट शिवायला आले होते. त्यांच्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी चांगलं लोकरीचं कापड घेऊन, मुलाच्या लग्नात कोट शिवायचा म्हणून ट्रंकेत जपून ठेवलेलं. वडील गेले, कापड राहिलं. ह्यांनी नेहमीसारखा तळहात ठेवला, खडूने आखलं, आणि कातर चालवताना डाव्या पाख्याला, म्हणजे कोटाच्या पुढच्या भागाला, दीड इंच आत गेले. कापड मोजकंच होतं. दुसरा पाखा निघण्यासारखं उरलं नव्हतं. ते शाळामास्तर रागावले नाहीत म्हणे. कापलेला तुकडा हातात घेऊन बघत राहिले आणि "असू दे" म्हणाले. मालक म्हणाले, "मास्तर, आज तुम्ही घरी जा."

हे दुपारी दोनला दारात उभे. प्यायलेले नव्हते. बूट काढले, आत आले आणि माझ्यासमोर बसून सगळं सांगितलं, कापड कसं होतं इथपासून. इतकं सलग ह्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

हे बोलत होते तेव्हा सासूबाई जवळ येऊन ह्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. दुपारच्या उजेडात आम्ही ह्यांना कधी बघतच नव्हतो. सासूबाईंनी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. म्हणाल्या, "डोळे पिवळे झालेत ह्याचे. उठ. डॉक्टरकडे चल."

डॉक्टर आमच्या गल्लीच्या टोकाला बसायचे. कन्नड बोलणारे, वयस्कर, चष्मा कपाळावर चढवून बघणारे. त्यांनी ह्यांना आडवं केलं, उजवीकडे बरगडीखाली बोटं रुतवली. हे कळवळले. डॉक्टरांनी हात धुतले आणि विचारलं, "किती पिता?"

हे म्हणाले, "स्वल्प."

स्वल्प म्हणजे थोडीशी. डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "तुम्ही कोट कापता ना? माप घेताना छातीला स्वल्प, कंबरेला स्वल्प असं लिहून घेता का?" मग माझ्याकडे वळले. "अक्का, तुम्ही सांगा."

मी आजवर कोणाला काही सांगितलं नव्हतं. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. हे खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, आता सांगितलं तर ह्यांची अब्रू जाईल, आणि नाही सांगितलं तर हे जातील. मी सांगितलं. रोज. आठ वाजता येतात. सकाळी हात थरथरतात. आताशा रविवारी दुपारीही जातात. जेवत नाहीत. बोलायला लागल्यावर माझं मलाच थांबवता येईना. सुयांचंही सांगितलं. ते ऐकून ह्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं रागावतील. तसं काही नव्हतं त्या बघण्यात. सुटल्यासारखे दिसले.

डॉक्टर म्हणाले, "लिव्हर सुजलंय. अजून वेळ गेलेली नाही, पण फार उरलेलीही नाही. आजपासून बंद. पहिले आठ दिवस ह्यांना एकटं सोडायचं नाही. घाम येईल, झोप लागणार नाही, भलतंसलतं दिसेल. घाबरायचं नाही, मला बोलवायचं. मी सकाळी येऊन जाईन." आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सरी?" म्हणजे, ठीक आहे ना?

हे म्हणाले, "सरी."

ते आठ दिवस मला आठवायला नको वाटतात, पण त्यातली एक दुपार मी विसरले नाही. तिसरा दिवस असावा. अंगाला थरथर सुटलेली, चादर घामाने भिजलेली. हे डोळे उघडे ठेवून चादरीवरून काहीतरी वेचत होते, चिमटीत धरून ओढत होते. "धागे निघतायत," म्हणाले. "बघ, सगळीकडून उसवलंय." मी घाबरून रडायला लागले. सासूबाईंनी मला हाताने मागे सारलं आणि ह्यांच्या उशाशी बसल्या. म्हणाल्या, "दे इकडे. मी गुंडाळते." ह्यांनी चिमटीतलं काही नसलेलं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन बोटांभोवती गुंडाळलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. तास-दीड तास मायलेकरं तशी बसली होती. एक ओढत होता, एक गुंडाळत होती. मग ह्यांनी विचारलं, "झाले सगळे?" त्या म्हणाल्या, "झाले. आता नीज." डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले तोवर ह्यांचे हात शांत झाले होते.

सहाव्या दिवशी हे गाढ झोपले आणि उठून मऊ भात आणि सार मागितलं. मी वाढलं. सासूबाई परसात जाऊन तोंडावर पाणी मारून आल्या.

आजार उतरला, पण संध्याकाळ उतरेना. दिवसभर हे बरे असायचे. मुलीशी खेळायचे, माझ्या ब्लाउजला गुंड्या लावून द्यायचे. साडेपाच वाजले की अंगात काहीतरी शिरायचं. दारापर्यंत जायचे, परत यायचे. पाण्यावर पाणी प्यायचे. एकदा मला म्हणाले, "मला ह्या वेळी घरात बसवत नाही. आणि बाहेर गेलो तर पाय कुठे वळतील ते मला माहीत आहे."

सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग दोघं जा. लालबागेपर्यंत फिरून या. पोरीला मी बघते."

मी बघतच राहिले. ह्याच सासूबाईंनी मला सहा वर्षांत एकटीने पेटेतल्या रस्त्यावर उभं राहू दिलं नव्हतं. नवरा-बायकोने संध्याकाळी नुसतं फिरायला जायचं ही आमच्या गल्लीतली रीतच नव्हती. देवळात जा, लग्नाला जा, दवाखान्यात जा. फिरायला कोण जातं? मी म्हटलं, "आत्याबाई, लोक काय म्हणतील?"

"लोक गेली तीन वर्षं काय म्हणत होते ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा हे बरं."

पहिल्या दिवशी हे दहा पावलं पुढे, मी मागे. मार्केटची गर्दी ओलांडून, किल्ल्याच्या अंगाने, लालबागेच्या फाटकापर्यंत. फाटकाशी हे थांबले, मी पोचले, आणि आम्ही तसेच उलटे फिरलो. एक शब्द बोललो नाही. घरी आलो तर साडेसात झालेले आणि दोघांनाही कडकडून भूक लागलेली. ह्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. गल्लीतल्या बायका ओट्यावरून बघायच्या. फुलं विकणारी अक्का रोज विचारायची, "कुठे निघालात?" मी म्हणायची, "इथेच." आठ-दहा दिवसांनी तिने विचारणं सोडलं आणि माझ्या हातात चार अबोलीची फुलं द्यायला लागली.

दहा पावलांचं अंतर कधी मिटलं ते सांगता येणार नाही. मार्केटजवळ बैलगाड्यांच्या गर्दीत हे थांबून माझी वाट बघायला लागले, मग तिथून पुढे बरोबरच चालणं व्हायला लागलं. बागेत आत जायला लागलो. मोठ्या खडकावर चढून बसायचो. तिथून तेव्हा गाव सगळं दिसायचं, कौलं आणि झाडं. खडक दिवसभर तापलेला असायचा, त्याची ऊब लुगड्यातून लागायची.

बोलणं आधी वरवरचं. हे झाड कसलं, तो माणूस कोण. मग एकदा ह्यांनी त्या काळ्या पाटीचं सांगितलं. म्हणाले, "डोळे मिटले तरी ती दिसते. तारखा दिसतात. दोन घोट पोटात गेले की पुसली जाते. सकाळी परत लिहिलेली असते." मला ही पाटी माहीतच नव्हती. सहा वर्षांचा संसार, एक मूल, आणि माझ्या नवऱ्याला कशाची धास्ती वाटते ते मला पहिल्यांदा त्या खडकावर कळलं.

माझ्याकडेही सांगण्यासारखं होतं. मी बरेच दिवस गप्प राहिले. मग एका संध्याकाळी बोलले. म्हटलं, "तुमचा मला राग येतो. अजून येतो. तुम्ही आता चांगले वागता म्हणून तो गेलेला नाही. रोज आठ वाजेपर्यंत गल्लीतलं प्रत्येक पाऊल मी ऐकलंय. मुलीने बाहुलीला काय शिकवलं ते तुम्हाला माहीत नाही." आणि बाहुलीचं सांगितलं.

हे म्हणाले, "अजून काही असेल तर तेही सांग."

"आज एवढंच."

"मग उद्या सांग."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी खडकावर बसल्यावर ह्यांनी विचारलं, "कालचं राहिलेलं?" मला हसू आलं. पुष्कळ दिवसांत आलं नव्हतं.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी कामावर जायला सांगितलं. मालक भला माणूस, त्यांनी जागा ठेवली होती. हे पाचला सुटायचे, साडेपाचला घरी, चहा पिऊन आम्ही बाहेर. सगळं मार्गी लागलं असं मी सासूबाईंना म्हटलंसुद्धा. मग लग्नाचे दिवस आले, पाटी भरली, आणि एका संध्याकाळी साडेपाचला हे आले नाहीत.

सहा वाजले. मी दारात. मुलीने विचारलं, "आज फिरायला नाही?" सासूबाई म्हणाल्या, "तू जा."

"कुठे जाऊ? तिथे?"

"तिथे कशाला? लालबागेत जा. रोजची वेळ आहे तुझी. तुझं तू जा."

मला त्यांचं म्हणणं पटलं नव्हतं, पण घरात बसवेना म्हणून निघाले. पूर्ण रस्ता एकटी चालले. आयुष्यात पहिल्यांदा. खडकावर जाऊन बसले. शेंगदाणे विकणाऱ्या माणसाने विचारलं, "साहेब नाही आले?" मी नुसती मान हलवली. रागही येईना, रडूही येईना. वाटलं, उद्यापासून मी अशीच येऊन बसेन.

उजेड कमी व्हायला लागला तेव्हा हे खडक चढताना दिसले. सावकाश, पाय जपून टाकत. घरी जाऊन आले होते, सासूबाईंनी सांगितलं होतं. चार हात लांब बसले. वास आला. म्हणाले, "जवळ बसत नाही. प्यायलोय."

"कळलं मला."

"तू तिकडे शोधायला येशील असं वाटलं होतं. दाराकडे बघत बसलो होतो. आली असतीस तर तुझ्यावर चिडलो असतो, आणि चिडून अजून प्यायलो असतो. तू आलीच नाहीस." मग म्हणाले, "पेला अर्धा ठेवून उठलो. हे काही मोठं नाही. अर्धा प्यायलोच."

मी पदराने तोंड पुसलं आणि म्हटलं, "चला. उद्या साडेपाचला."

परत येताना आता हे दहा पावलं मागे राहायला लागले. किल्ल्यापाशी मी थांबले, हे पोचेपर्यंत उभी राहिले, आणि मग बरोबर चालत आलो. घरी सासूबाईंनी काही विचारलं नाही. ताट वाढलं.

त्या दिवसानंतर ह्यांनी दारूला हात लावला नाही. मला तेव्हा ते कळणार नव्हतं. पुढचं वर्षभर साडेपाच वाजले की मी दारात जाऊन उभी राहायची. हळूहळू ते थांबलं.

दुसऱ्याच दिवशी हे मालकांकडे गेले आणि म्हणाले, मला मास्तर राहायचं नाही. मालकांना वाटलं पगाराचं काही आहे. हे म्हणाले, "तसं नाही. मला ती पाटी झेपत नाही. झेपावी म्हणून मी पितो." मालक म्हणाले, कोटाचं काम दुकानातच राहील, कठीण कापणी असली की तेवढ्यापुरते या. बाकी तुमचं तुम्ही बघा.

आमच्या घराची बाहेरची खोली रस्त्याला लागून होती. तिथे ह्यांनी शिवणयंत्र टाकलं. कोट नाहीत, साहेब नाहीत. शाळेचे गणवेष, परकर, ब्लाउज, म्हाताऱ्यांचे सदरे. नातेवाइकांत बोललं गेलं, दंडूचा मास्तर परकर शिवतोय. सासूबाईंच्या भावाने तोंडावर म्हटलं, "एवढा हात, आणि हे काम?" हे म्हणाले, "मामा, रात्री झोप लागते." घरात ओढाताण झाली, नाही असं नाही. मी काजं करायला शिकले. आधी वाकडीतिकडी. हे उसवून पुन्हा करायला लावायचे, न रागावता. तिसऱ्या महिन्यात एक काज बघून म्हणाले, "हे दंडूत चाललं असतं." मी ते सासूबाईंना दाखवायला घेऊन गेले.

लग्नाकार्यांत मात्र कठीण जायचं. मागच्या खोलीत पेले फिरायचे आणि जुने कारागीर ह्यांना ओढायचे. हे उपदेश करत नसत, की मी सोडली असंही सांगत नसत. पानावर आग्रहाचं वाढायला आलं की आपण जसा हात आडवा धरतो, तसा पेल्यावर हात धरायचे आणि म्हणायचे, "माझं झालंय." पोट भरल्यासारखं. लोक एकदोनदा थट्टा करायचे, मग सोडून द्यायचे.

तीन-चार वर्षांनी आमच्याच गल्लीतली एक तरणी बाई माझ्याकडे आली. नवरा हातमागावर काम करायचा, रोज प्यायचा. म्हणाली, "अण्णांनी कशी सोडली ते त्याला सांगायला सांगा." हे म्हणाले, "सांगून काय होणार? त्याला संध्याकाळी माझ्याबरोबर पाठव." पंधरा दिवस तो आला. दोघं लालबागेत जायचे, मी घरी राहायची. मग तो येईनासा झाला. हे तरी रोज साडेपाचला त्याच्या दारावरून जायचे, एकदा हाक मारायचे आणि पुढे जायचे. दोन वर्षांत तो माणूस गेला. त्या दिवशी हे यंत्रावर बसले नाहीत. मला म्हणाले, "माझ्यात आणि त्याच्यात काय फरक होता सांग. त्याच्या घरात त्याची आई नव्हती, एवढाच." सासूबाई आत होत्या. त्यांनी ऐकलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी ह्यांच्यासाठी मुद्दाम अवरेकाईची, म्हणजे वालाची, उसळ केली आणि जवळ बसून वाढली.

एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावरची गोष्ट. मुलगी मोठी झाली होती, वरच्या वर्गात गेलेली. एक दिवस शाळेतून आली ती गप्पच. बाहेरच्या खोलीत हे तिच्या नव्या गणवेषाचं माप घेत होते. मी आत काजं करत होते, मधे नुसता पडदा. तिने विचारलं, "अप्पा, तुम्ही आधी दारू प्यायचात?"

माझी सुई थांबली. हे म्हणाले, "हात वर कर. कोणी सांगितलं?"

"वर्गातल्या एकीने. तिच्या आजीने सांगितलं तिला."

"खरं आहे. प्यायचो. तू चार वर्षांची असताना सोडली."

"मला आठवत नाही."

"बरं झालं. वळ जरा."

ती वळली असावी. टेप ओढल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "कशी लागते?"

ह्यांनी विचार केला. म्हणाले, "आधी कडू लागते. मग बरी लागते. मग कशीच लागत नाही, नुसती लागते."

"मग का प्यायचात?"

"तेव्हा मला माझं काही सांगता यायचं नाही कोणाला. तुझ्या आईलासुद्धा."

"आता येतं?"

"आता येतं. लांबी गुडघ्याखाली ठेवू का?"

"गुडघ्यापर्यंतच."

"आजीला विचार," हे म्हणाले.

ती "आजी" म्हणून हाक मारत मागच्या दाराने पळाली. ह्यांनी पडदा सारला. मी काजावर मान घालून बसले होते, पण टाका घातला जात नव्हता. म्हणाले, "ऐकलंस?"

"ऐकलं."

"नीट सांगितलं का मी?"

मी म्हटलं, "नीट सांगितलं." हे थोडा वेळ तसेच उभे होते, गळ्यात टेप. मग यंत्रावर जाऊन बसले, आणि मी पुढचं काज घेतलं.